चाळीची कालकुपी शंभर वर्षं टिकवायची असेल तर ती इमारतीच्या पायात पुरू नका

विचारलेलं थोडक्यात असं: गिरगावातली साठेक बिऱ्हाडांची चाळ पुनर्विकासाला जाते आहे. भूमिपूजनाच्या दिवशी नव्या इमारतीच्या पायात कालकुपी (टाइम कॅप्सूल, म्हणजे आजच्या आठवणींचं बंद भांडं) पुरायची आणि ती शंभर वर्षांनी उघडायची, असं समितीच्या मनात आहे. भांडं म्हणून पीव्हीसी पाइप, दोन्ही टोकांना कॅप, वरून एम-सील. आत फोटो, त्या दिवशीची वर्तमानपत्रं आणि रहिवाशांच्या मुलाखतींचा पेन ड्राइव्ह. हे टिकेल का?

नाही टिकणार. जागा, भांडं आणि पेन ड्राइव्ह, तिन्ही बदलावं लागेल. आधी जागेचं बोलतो, कारण कालकुप्या गंजून जातात त्यापेक्षा हरवून जास्त जातात. कॅलिफोर्नियातल्या कोरोना या गावाने पुरलेल्या १७ कुप्या पुढे कोणालाच सापडल्या नाहीत. अमेरिकेतल्या एमआयटी या नामवंत संस्थेत १९३९ साली ठेवलेली कुपी सायक्लोट्रॉन या अणुसंशोधनाच्या यंत्राच्या १८ टनांच्या चुंबकाखाली अडकून बसली. तिथे ही गत, तर मुंबईत काय होईल याचा अंदाज करा.

गिरगावात आता टॉवर उभा राहतो तेव्हा भूमिपूजनाचा तो हातभर खड्डा म्हणजे पाया नसतो. ईशान्येच्या कोपऱ्यात पूजा होते आणि पुढे त्याच जागी पार्किंगसाठी खोल खोदकाम, पायलिंग (जमिनीत खोलवर खांब), राफ्ट (पायाचा काँक्रीटचा सलग जाड थर) असं सगळं चालतं. पूजेच्या खड्ड्यात ठेवलेली कुपी एक तर महिन्याभरात डेब्रिजच्या ट्रकमधून जाते, नाहीतर राफ्टखाली गाडली जाते. राफ्टखालून ती काढायची तर वरची अख्खी इमारत पाडावी लागेल. शिवाय किनाऱ्याजवळच्या या भागात जमिनीतलं पाणी उथळ आणि खारट. त्यात जुन्या ड्रेनेजच्या गळक्या लाइनी.

तेव्हा नारळ, सुपारी, हळदकुंकू, पंचधातू हे भूमिपूजनाचं साहित्य खड्ड्यात खुशाल जाऊ द्या, कुपी मात्र इमारत पूर्ण झाल्यावर जमिनीच्या वर बसवा. तळमजल्याच्या लॉबीत, न-भार-वाहणाऱ्या भिंतीत कोनाडा करून घ्या. आर्किटेक्टला नकाशातच तो दाखवायला सांगा, म्हणजे नंतर कोणी शिअर वॉल, म्हणजे इमारतीचा भार पेलणारी काँक्रीटची भिंत, फोडायला जाणार नाही. २६ जुलै २००५ ला त्या रस्त्यावर पाणी कुठवर चढलं होतं हे शेजारच्या जुन्या दुकानदारांना विचारा आणि त्या खुणेच्या किमान एक मीटर वर कोनाड्याचा तळ ठेवा. संडास-बाथरूमची भिंत, पाण्याची टाकी, पंपरूम, लिफ्टचा खड्डा यांच्यापासून दूर. गच्ची तर नकोच. तिथे ऊन आहे, गळती आहे आणि दर चार-पाच वर्षांनी वॉटरप्रूफिंगवाला हातोडा घेऊन येतोच.

कोनाड्यात कुपी सिमेंटमध्ये घट्ट बसवायची नाही. एचडीपीईच्या (कडक, न कुजणाऱ्या प्लास्टिकच्या) दोन ठोकळ्यांवर आडवी ठेवा, चहूबाजूंनी इंचभर मोकळी जागा सोडा, तळाला बाहेरच्या बाजूस उतार देऊन एक बारीक भोक ठेवा. पुढे ग्रॅनाइटची लादी, स्टेनलेसच्या स्क्रूंनी बसवलेली. भिंतीला हात लावता येईल अशी कुपी असेल तर लोक तिला विसरत नाहीत, हा यातला खरा फायदा.

आणि ती बाहेर काढता आलीच पाहिजे. मुंबईच्या खाऱ्या हवेत आरसीसी इमारत चाळीस-पन्नास वर्षांत मोठ्या दुरुस्तीला किंवा पाडायला येते. तीस वर्षं झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट तर महापालिका कायद्याच्या ३५३ ब कलमानेच बंधनकारक आहे. शंभर वर्षं म्हटली की आज जी इमारत अजून कागदावर आहे तीसुद्धा मध्ये एकदा, कदाचित दोनदा पडणार, हे धरून चला. ती पाडणारा कंत्राटदार तुमचा ठराव वाचून येणार नाही. लादीवर मोठ्या अक्षरात कोरायला हवं: ‘मागे सोसायटीची कालकुपी आहे. भिंत तोडण्यापूर्वी काढून घ्या.’

आता भांडं. पीव्हीसी का नको? एक तर प्लास्टिकमधून पाण्याची वाफ हळूहळू आत-बाहेर जातेच, शंभर वर्षांत तर भरपूर. दुसरं, पीव्हीसी म्हातारं होताना स्वतःच आम्ल सोडतं आणि ते बंद जागेत कागदावर बसतं. तिसरं, जोडाच्या सोल्युशनची वाफही आतच अडकते. घरच्या स्टीलच्या डब्याचं झाकण कितीही घट्ट वाटलं तरी ते हवाबंद नसतं. रबरी गॅस्केटचा फ्लँज (बोल्टने आवळायचं कडेचं झाकण) पंचवीस-तीस वर्षं ठीक चालतो, मग रबर कडक होऊन दबलेलंच राहतं. सिलिकॉन गॅस्केट दिसायला छान, पण त्यातून वाफ इतर रबरांपेक्षा जास्त जाते. शंभर वर्षांसाठी वेल्डिंगला पर्याय नाही.

तांबं हा जुना आणि उत्तम पर्याय आहे. वेस्टिंगहाउस कंपनीने १९३८ साली न्यूयॉर्कच्या फ्लशिंग मेडोजमध्ये ५० फूट खोल पुरलेली कुपी ९९.४ टक्के तांबं, ०.५ टक्के क्रोमियम आणि ०.१ टक्का चांदी अशा मिश्रधातूची होती. आत पायरेक्स काचेची नळी, नळीत नायट्रोजन. ती उघडायची आहे ६९३९ साली. पण तांब्याला भंगारात भाव चांगला येतो, आणि इमारत पाडणीच्या जागेवर पहिला पोचतो तो भंगारवाला. शिवाय ड्रेनेजमधल्या अमोनियाशी तांब्याचं जमत नाही. म्हणून मुंबईसाठी मी ३१६ एल ग्रेडचं स्टेनलेस सुचवतो. ३०४ नाही. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेतल्या क्लोराइडने सुईच्या टोकाएवढे खड्डे पडण्यापासून तेच वाचवतं. ‘एल’ म्हणजे कार्बन कमी, त्यामुळे वेल्डच्या कडेला गंज धरत नाही.

माल घ्यायला लांब जायला नको, कुंभारवाडा आणि सी. पी. टँक तुमच्या दारातच आहेत. फक्त ‘३१६ आहे’ या तोंडी हमीवर पैसे देऊ नका. लोहचुंबक लावून ३०४ आणि ३१६ मधला फरक कळत नाही, दोन्हींना तो जवळजवळ चिकटतच नाही. मोली टेस्ट (मॉलिब्डेनम आहे का ते दाखवणारी चाचणी) करून मागा, नाहीतर पीएमआय गन, म्हणजे धातूतले घटक ओळखणारं यंत्र, लावून घ्या. बहुतेक मोठे व्यापारी लगेच करून देतात. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका, एवढी साधी गोष्ट.

मापं अशी: ३०० एनबी (पाइपच्या व्यासाचं बाजारातलं नाव), शेड्यूल १० एस (जाडीचा वर्ग) पाइप, लांबी ८०० मिमी. बाहेरचा व्यास ३२३.९, जाडी ४.५७, म्हणजे आत साधारण ३१५ मिमी मिळतात. हा आकार घ्यायचं कारण ए-फोर कागद. २१० मिमी रुंदीचा कागद न वळवता आडवा ठेवला तर या गोलात २३४ मिमी उंचीचा गठ्ठा बसतो, आणि लांबीत असे दोन गठ्ठे. २०० एनबीचा पाइप स्वस्त पडतो, पण त्यात प्रत्येक कागद गुंडाळावा लागतो, आणि शंभर वर्षं गुंडाळलेला कागद उलगडताना तडकतो. दोन्ही तोंडांना ८ मिमी जाडीच्या गोल चकत्या. रिकामी कुपी सुमारे ४० किलो भरेल, पोटात ६२ लिटर जागा.

कुपी पुरू नये याचं आणखी एक कारण या आकड्यांतच आहे. आत २० किलो सामान भरलं तर एकूण वजन ६० किलो, आणि कुपीचं बाहेरचं आकारमान ६७ लिटर. म्हणजे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात ही कुपी बुडत नाही, वर येते. पुरलेल्या हलक्या टाक्या पावसाळ्यात जमीन फोडून वर येतात त्या याच हिशेबाने.

वेल्डिंग कोणाकडून करून घेता यावर बरंच अवलंबून आहे. ग्रिल-गेटवाल्याकडे जाऊ नका. दूध किंवा औषध कारखान्यांच्या टाक्या बनवणारा आर्गनवाला शोधा, त्याला पर्जिंग, म्हणजे आतली हवा गॅसने हटवणं, समजावावं लागत नाही. फिलर वायर ३१६ एलची. ब्रश स्टेनलेसचाच, आणि तोही कधी साध्या लोखंडावर न वापरलेला, नाहीतर लोखंडाची पूड अडकून तिथूनच तांबेरा सुरू होतो. खालची चकती आधी लावून घ्या आणि पाणी भरून रात्रभर ठेवून तपासा. वेल्डशेजारी जो निळा-काळा-सोनेरी पट्टा उमटतो तो दिसायला कितीही सुंदर असला तरी पिकलिंग पेस्टने काढायलाच हवा. गंजाचा पहिला खड्डा तिथेच पडतो. ही पेस्ट भयंकर आम्ल असते, तेव्हा ते काम वर्कशॉपवरच सोडा. मग कुपी धुऊन पूर्ण कोरडी करा.

वरच्या चकतीला ६ मिमीच्या दोन स्टेनलेस नळ्या आधीच जोडून घ्या. एक लांब, आत तळापर्यंत जाणारी, दुसरी आखूड. सामान भरताना दोन्ही टोकांना ८० मिमी जागा रिकामी ठेवून तिथे सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट भरा. हे दोन कामांसाठी: आज वेल्डिंगची आच कागदापर्यंत पोचू नये, आणि शंभर वर्षांनी कापणाऱ्याची करवत सामानाला लागू नये. वेल्ड सलग मारायचा नाही. आधी समोरासमोर टॅक (तात्पुरते छोटे ठिपके), मग दीड-दोन इंचांचे टाके आलटून पालटून, मध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं. या वेळी लांब नळीतून हळू आर्गन चालू ठेवा आणि आखूड नळी उघडी ठेवा. ही उघडी ठेवायला विसरलात तर शेवटचा टाका बंद होताना आतला दाब वितळलेला धातू बाहेर फुंकतो आणि तिथे भोक राहतं. हा दोष वरवर दिसतही नाही.

वेल्ड झाल्यावर कुपी उभी करून गॅस भरायचा. आर्गन हवेपेक्षा जड, म्हणून तळातून भरला की हवा वरून बाहेर ढकलली जाते. मिनिटाला १० लिटर या वेगाने ४० मिनिटं, म्हणजे पोटाच्या सहापट गॅस. पण गठ्ठ्यातल्या पानापानांमध्ये अडकलेली हवा एवढ्याने निघत नाही. नळ्या तात्पुरत्या बंद करून रात्रभर थांबा, सकाळी पुन्हा ४० मिनिटं चालवा. नेहमीच्या ७ घनमीटरच्या सिलिंडरमध्ये हे सहज भागतं. हे काम उघड्यावर करा. बंद खोलीत आर्गन साठला तर माणसाला कळायच्या आत गुदमरवतो, त्याला वास नसतो. मग ०.२ बार दाब देऊन सर्व सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, गेज लावून २४ तास ठेवा. दुसऱ्या दिवशी वाचन घ्यायचं ते त्याच वेळी, त्याच तापमानाला. दहा अंशांच्या फरकाने दाब आपोआप ०.०३ बारच्या वर हलतो आणि गळती नसताना गळती वाटते. शेवटी दाब सोडून बाहेरच्या हवेइतका करायचा, नळ्या पकडीने चेपायच्या आणि टोकं वेल्डने बंद.

आता ज्या गोष्टीकडे जवळजवळ कोणाचंच लक्ष जात नाही, ती. सगळ्यांना भीती असते बाहेरून पाणी आत जाईल याची. वेल्ड केलेल्या कुपीत बाहेरचं पाणी येतच नाही. ती नासते आत बंद केलेल्या पाण्याने, आणि ते पाणी हवेतलं नसून कागदातलं असतं. हिशेब करा. ऑगस्टमधली मुंबईची हवा, ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता. कुपीतल्या ६२ लिटर हवेत पाणी किती? दीड ग्रॅम. पण त्याच हवेत राहिलेल्या कागदात वजनाच्या सुमारे १० टक्के पाणी असतं. १५ किलो कागद, दीड किलो पाणी! ४५ टक्के आर्द्रतेला हेच प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवर येतं. म्हणजे निदान अर्धा लिटर पाणी कुपी बंद करण्यापूर्वी बाहेर काढायचं आहे. सिलिका जेलच्या चार पुड्या टाकून ते निघत नाही, त्यासाठी काही किलो जेल लागेल.

म्हणून भरण्याचं काम जानेवारी-फेब्रुवारीत करा. नुसता एसी पुरत नाही, तो हवा थंड करतो पण आर्द्रता बऱ्याचदा साठच्या खाली येत नाही. डीह्युमिडिफायर भाड्याने मिळतो. एक खोली ४५ टक्क्यांवर ठेवून सगळे कागद आणि कापड तीन-चार आठवडे तिथे सुटे, उभे ठेवा. झालं की नाही हे ओळखायची सोपी रीत: एक गठ्ठा छोट्या डिजिटल हायग्रोमीटरसकट पॉलिथिनच्या पिशवीत बंद करून २४ तास ठेवा. पिशवीतला आकडा ४० ते ४५ दाखवत असेल तर कागद तयार. ५५ दाखवत असेल तर अजून आठवडा. याहून खाली, वीस-पंचवीसपर्यंत सुकवायच्या मागे लागू नका, कागद आणि चामडं ठिसूळ होतं. यानंतर सोबत अर्धा किलो साधी पांढरी सिलिका जेल मांजरपाटाच्या पिशवीत घालून ठेवली की झालं. प्रिन्सेस स्ट्रीटवर ती मिळते. निळी घेऊ नका, तिच्यात कोबाल्ट क्लोराइड असतं.

पाणी काय करतं याचा जाहीर धडा अमेरिकेतल्या टल्सा शहरात मिळाला. १९५७ साली त्यांनी काँक्रीटच्या तळघरात नवी कोरी प्लिमथ बेल्व्हेडिअर मोटार पुरली. २००७ साली उघडलं तर तळघरात पाणी शिरलेलं आणि गाडी गंजाचा गोळा झालेली. पण तिच्याजवळच बंद केलेल्या पोलादी नळकांड्यातलं सामान चांगलं निघालं. काँक्रीट पाणी अडवत नाही, नीट बंद केलेला धातू अडवतो.

आत काय जावं? वर्तमानपत्र आहे तसं नको. तो लाकडाच्या लगद्याचा कागद आहे, स्वतःच्या आम्लाने पिवळा पडून चुरतो आणि शेजारच्या कागदालाही खराब करतो. हवं ते पान आम्लमुक्त कागदावर लेझर प्रिंटरने छापून घ्या. लेझरच्या काळ्या टोनरमधला रंग म्हणजे कार्बन, तो फिका पडत नाही. साधा इंकजेट आणि बॉलपेन दोन्ही टाळा. हाताने लिहायचं तर चक्क पेन्सिल, २बी. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले हातकागदावरचे, काजळाच्या शाईचे मोडी कागद दोन-अडीचशे वर्षांनंतरही वाचता येतात. त्यांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, ही पद्धतही अगदी योग्य आहे. खळ काढून धुतलेला मांजरपाट घ्या आणि त्यात बांधा.

लॅमिनेशन करू नका. हे ठळक सांगतो कारण ‘टिकावं म्हणून’ पहिलं तेच केलं जातं. गरम गोंदात अडकलेला फोटो पुढे कधीच सुटा होत नाही. पारदर्शक पाकीट हवंच असेल तर पॉलिएस्टरचं. स्टेपलरच्या पिना, रबर बँड, सेलोटेप, रेक्झिनच्या फाइली हे सगळं काढून टाका.

बेस्टचं मशीनमधून निघणारं तिकीट, एटीएमची पावती, दुकानाचं बिल हा थर्मल कागद, काही वर्षांत कोरा होतो. त्याची लेझर प्रत करा, मूळ तिकीट गंमत म्हणून सोबत ठेवायचं तर वेगळ्या पाकिटात. जुनी, छापील, रंगीत बस तिकिटं मात्र उत्तम टिकतात. गिरणीच्या कापडाचा तुकडा कोणाकडे असेल तर तो जरूर घाला. जरीची पैठणी असेल तर घडीत आम्लमुक्त टिश्यू भरा. नाणी एकेक वेगळ्या पॉलिएस्टरच्या पाकिटात, घासून चकचकीत न करता. चाळीच्या दाराची पितळी कडी चालेल, पण सागवानाचा तुकडा कुपीत नको. लाकडातून निघणारी आम्लाची वाफ बंद जागेत धातूंना, विशेषतः शिशाला, खाते. लाकूड हवंच असेल तर ते दुसऱ्या डब्यात.

खाण्याचं काहीही नको. पापड, मसाला, तांदूळ, बियाणं, काही नाही. धान्यात टोक्यांची अंडी आधीपासून असतात. डांबरगोळ्या आणि कापूरही नको: त्यांची वाफ होऊन पुन्हा कागदावर स्फटिक जमतात आणि काही प्लास्टिक त्याने मऊ पडतं. रबरी चप्पल, फोम, स्पंज चिकट होतात. बॅटरी तर कोणत्याही रूपात नाही. आजकालच्या मोबाइलची बॅटरी आत चिकटवलेली असते, म्हणून मोबाइलही नाही. बंद केलेल्या कुपीत फुगलेली लिथियम बॅटरी म्हणजे पुढच्या पिढीला दिलेला सुतळी बॉम्ब.

पेन ड्राइव्हमध्ये माहिती विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात साठते आणि तो भार काही वर्षांत झिरपून जातो. हार्ड डिस्क न वापरता पडून राहिली की अडकते. घरी बर्न केलेल्या सीडीतला रंग उडतो. समजा चकती टिकलीच, तर ती वाचायचं यंत्र शंभर वर्षांनी कुठून आणायचं? मुलाखती शब्दशः लिहून काढा आणि छापा. आवाज जपायचा असेल तर तो कुपीच्या बाहेर जपायचा: तीन प्रती, तीन वेगळ्या घरी, दर पाच वर्षांनी नव्या साधनावर उतरवण्याची जबाबदारी सोसायटीच्या कामांच्या यादीत घालून. थोडा खर्च करायची तयारी असेल तर निवडक पानांची पॉलिएस्टर फिल्मवर काळी-पांढरी मायक्रोफिल्म करून ठेवा. ती वाचायला भिंग आणि उजेड पुरतो.

निवडीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. उत्सवाचे फोटो आणि मान्यवरांचे संदेश कमी करा. शंभर वर्षांनी वाचणाऱ्याला ते कुठेही मिळतील. त्याला न मिळणाऱ्या गोष्टी म्हणजे पागडीची पावती, पाणी किती वाजता येतं याचा कागद, कॉमन संडासाची पाळी कशी लावली जायची, कोणत्या खोलीत किती माणसं कुठे झोपायची, गॅलरीत कोणाच्या दोऱ्या, गणपतीच्या वर्गणीची वही, भांडणांची तक्रारपत्रं. प्रत्येक मजल्याचा १:५० नकाशा आणि प्रत्येक खोलीचे चारही भिंतींचे फोटो. प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी: ही काय आहे, कोण वापरायचं, कितीला मिळायची. आधार कार्ड, बँकेचे कागद घालू नका.

आणि मजकूर एकाच हाताने लिहू नका. १५ ऑगस्ट १९७३ ला लाल किल्ल्यात पुरलेलं कालपात्र १९७७ साली, सरकार बदलल्यावर, उकरून काढलं गेलं, कारण आत लिहिलेला इतिहास कोणाच्या सोयीचा यावर वाद होता. चाळीतही दोन गट असतातच. दोघांनाही आपापलं लिहू द्या.

लिपीचाही विचार करा. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरात होती, आज ती वाचणारे शोधावे लागतात. देवनागरी शंभर वर्षांत जाईल असं नाही, पण ‘पागडी’, ‘गाळा’, ‘बिऱ्हाड’, ‘मोरी’ हे शब्द कळतीलच असंही नाही. शे-दोनशे शब्दांचा छोटा कोश आणि मुळाक्षरांचं एक पान घाला.

आता कुपीची आठवण कशी टिकवायची. वेस्टिंगहाउसवाल्यांनी यासाठी नोंदीचं एक पुस्तक छापून जगभरच्या ग्रंथालयांत आणि मठांत तीन हजारांवर प्रती पाठवल्या. तुम्हीही चाळीस पानांची पुस्तिका काढा: आत काय आहे, कुठे आहे, कधी आणि कशी उघडायची. आयएसबीएन घेऊन ती रीतसर प्रकाशित केलीत तर १९५४ च्या पुस्तक-प्रदान कायद्याप्रमाणे कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं टाऊन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय इथे प्रती जातात. शिवाय मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाला आणि प्रत्येक बिऱ्हाडाला एकेक. इतक्या प्रतींतली एखादी उरेलच.

जागेची नोंद करताना आजची सोसायटी, टॉवरचं नाव, रस्त्याचं नाव यांवर विसंबू नका. रस्त्यांची नावं मुंबईत किती बदलली ते सांगायला नको. गिरगाव डिव्हिजनचा सी. एस. नंबर (जमिनीचा भूमापन क्रमांक) आणि मालमत्ता पत्रकाची प्रत द्या. जीपीएस अक्षांश-रेखांश द्या, पण मोजणीची तारीख लिहूनच. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. शंभर वर्षांत पाच मीटर, म्हणजे शेजारच्या दुकानात.

कायदेशीर बाजूने सर्वसाधारण सभेचा ठराव, त्याचं इतिवृत्त आणि विकासकाबरोबरच्या करारात एक कलम हवं: कुपी सोसायटीच्या मालकीची, पुढे कोणत्याही पुनर्विकासात ती काढून पुन्हा बसवण्याचा खर्च विकासकाचा. जमिनीखाली ठेवली तर आणखी एक फाटा फुटतो. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत दडवलेली मौल्यवान वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि ठेवणाऱ्याच्या वारसांना हक्क सांगायची जी वाट कायद्यात आहे ती शंभर वर्षांच्या आत ठेवलेल्या वस्तूंपुरती. तुमची मुदत नेमकी त्या काठावर येते. लॉबीच्या भिंतीतली, ठरावात नोंदलेली कुपी या भानगडीत पडत नाही.

मुदतीबद्दल जपानमधल्या ओसाकाचा मार्ग घ्या. तिथे १९७० च्या जागतिक प्रदर्शनावेळी सारख्याच सामानाच्या दोन कुप्या केल्या. एक ५००० वर्षं बंद ठेवायची, दुसरी २००० साली उघडून तपासायची आणि पुढे दर शंभर वर्षांनी. तुम्हीही एक वेल्ड केलेली मोठी आणि एक गॅस्केटवाली छोटी अशा दोन करा. छोटी दर पंचवीस वर्षांनी उघडायची, गॅस्केट बदलायचं, त्या वेळच्या लोकांनी आपली भर घालायची. मोठी अजून आहे याची खात्रीही त्याच दिवशी होते, आणि तिच्याबद्दल माहिती असलेलं माणूस प्रत्येक पिढीत राहतं.

मोठ्या कुपीवर, टोकापासून ४० मिमीवर, लेथवर एक उथळ खाच पाडून घ्या आणि शेजारी कोरा: ‘आत आर्गन वायू आहे, दाब नाही. ग्राइंडर किंवा गॅस कटर लावू नये. हाताच्या करवतीने या खाचेवर कापावे. कापण्यापूर्वी एक दिवस कोरड्या खोलीत ठेवावे.’ कोरीव अक्षरं, रंगवलेली नाहीत.

क्रमाचं शेवटी सांगतो. भूमिपूजनाचा मुहूर्त आणि कुपी बंद करण्याचा मोसम जुळणार नाहीत, जुळवायचा प्रयत्नही करू नका. कुपी बसेल ताबा मिळताना, तीन-चार वर्षांनी. पण नकाशे, फोटो आणि मुलाखती आत्ताच करून घ्यायला लागा, खोल्या रिकाम्या करायची नोटीस लागण्याआधी. एकदा का बिऱ्हाडं विरार, डोंबिवली, बदलापूरला भाड्याच्या घरांत पांगली की वर्गणीची वही कोणाच्या माळ्यावर होती हे कोणी सांगू शकत नाही, आणि जागा बदलताना पहिली रद्दीत जाते ती तीच.